'एल-आय' आणि पुढे काहीच नाही

१९९८-९९च्या सुमारास पुण्यात ज्यांनी घरच्या संगणकावर लिनक्स टाकलं, त्यांना काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातली ती दोन अक्षरं आजही आठवत असतील. एल आणि आय. त्यापुढे काही नाही. की-बोर्डवर काहीही दाबलं तरी पडदा ढिम्म. खरं तर तिथे 'लिलो' या नावाची चारही इंग्रजी अक्षरं उमटायला हवी असत. लिलो म्हणजे लिनक्स लोडर, मशीन सुरू झाल्यावर लिनक्सला मेमरीत आणून उभं करणारा छोटा प्रोग्राम. एकेक टप्पा पार पडला की तो एकेक अक्षर छापायचा. त्याचा पहिला भाग डिस्कवरून वर आला की एल. त्या भागाने दुसरा भाग आणला की आय. दुसरा भाग चालू झाला की पुन्हा एल, आणि सगळं जागच्या जागी सापडलं की ओ. म्हणजे एल-आयवर थांबलेलं मशीन एक नेमकी गोष्ट सांगत होतं: दुसरा भाग आणलाय, पण तो चालत नाही.

हे कळायला वेळ लागे. पण एकदा कळलं की आयुष्यभर विसरायचं नाही, असं ते ज्ञान होतं. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये जागा फक्त ५१२ बाइटांची. त्यातले ४४६ बाइट लोडरसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट 'हा सेक्टर बूट करण्याजोगा आहे' एवढं सांगणाऱ्या खुणेसाठी. एवढ्याशा जागेत बसायचं म्हणून लिलोला फाइल सिस्टीम कळत नसे. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, फाइल डिस्कवर कुठे आहे, त्या सेक्टरांचे पत्ते तो लिहून ठेवायचा. तुम्ही नवं कर्नल टाकलंत आणि 'लिलो' ही आज्ञा पुन्हा चालवायला विसरलात, तर त्याच्याकडे जुने पत्ते राहत. शिवाय त्या काळच्या बऱ्याच बायॉसना, म्हणजे मशीन चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामना, डिस्कच्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं वाचता येत नसे. डिस्कची पुढची सगळी जागा विंडोज ९८ने व्यापलेली, लिनक्सला उरलेली शेपटीकडची, आणि नेमकं तिथपर्यंत बायॉसचा हात पोचत नाही! म्हणून जाणकार मंडळी सांगत, डिस्कच्या सुरुवातीलाच एक छोटं 'बूट' पार्टिशन कर, कर्नल तिथे ठेव, बाकीचं कुठेही असू दे.

आज माझ्या ओळखीतल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांना १०२४ सिलिंडर म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही उरलेली नाही. लिलोचं काम २०१५च्या डिसेंबरमध्ये अधिकृतपणे थांबलं. त्या तांत्रिक गोष्टीचं मला दुःख नाही. मशीन अडलं की माणूस काय करायचा आणि आता काय करतो, ते मला आठवावंसं वाटतं.

तेव्हा घरात मशीन एकच. असेम्बल केलेलं, चौदा इंची मॉनिटरचं, हॉलच्या कोपऱ्यात कापडाच्या कव्हराखाली झाकलेलं. त्यावर वडिलांची सोसायटीची पत्रं, भावाचा प्रोजेक्ट, आईने हौसेने टाइप केलेल्या पाककृती. आणि नेट असलं तर तेही त्याच मशीनवर, फोनची लाइन अडवून. त्यामुळे लिनक्स टाकताना ते मशीन बसलं, की उत्तर शोधायचं साधनही त्याच्याबरोबर बसायचं. आजच्या मुलामुलींना ही गोष्ट समजावून सांगावी लागते. अडचण मशीनमध्ये आणि अडचणीचं उत्तरही मशीनमध्येच.

मग सायबर कॅफे गाठायचा. तासाचे पैसे चालू, शेजारी कोणी परदेशातल्या भावाशी चॅट करतोय, आणि आपण वहीत उतरवून घेतोय: फ्लॉपी कशी करायची, पार्टिशनांचा तक्ता कसा बघायचा, लिलोच्या फाइलमध्ये कुठली ओळ घालायची. लिनक्सचे 'हाऊ-टू' नावाचे मोठमोठे लेख असत, त्यांची हवी ती पानं प्रिंट काढून आणायची. घरी येऊन करून बघायचं. नवीन एरर आली की ती कागदावर अक्षरशः उतरवून घ्यायची आणि पुन्हा कॅफे. मोबाइलने पडद्याचा फोटो काढायची सोय नव्हती, त्यामुळे एरर हाताने लिहावी लागे. हाताने लिहिताना ती वाचली जाई. ज्याने 'कर्नल पॅनिक' आणि त्यापुढचं 'रूट फाइल सिस्टीम माउंट करता येत नाही' हे वाक्य पूर्ण लिहून काढलं, त्याला निम्मं उत्तर तिथेच मिळालेलं असे. कर्नल वर आलंय, लोडरचा प्रश्न संपलाय, आता डिस्कचा ड्रायव्हर किंवा पार्टिशनचा क्रमांक तपासायचा.

कॅफेतही नाही जमलं तर माणसांकडे जायचं. पुण्याचं भाग्य असं, की अशी माणसं एका ठिकाणी भेटत. मॉडेल कॉलनीत गोखले क्रॉस रोडवरच्या आतूर सेंटरमध्ये सिंबायोसिसची संगणक संस्था आहे, सगळे तिला एसआयसीएसआर म्हणतात. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या, म्हणजे 'प्लग'च्या सभा तिथे वर्षानुवर्षं भरत, महिन्याच्या पहिल्या शनिवारी. इंजिनिअरिंगची पोरं, सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणारे, कॉलेजातले प्राध्यापक, कारखान्यातून निवृत्त होऊन संगणकाच्या नादाला लागलेले काका, असे सगळे एका खोलीत. कुणीतरी एखाद्या विषयावर बोलायचं, आणि बोलणं संपलं की खरी सभा जिन्यात, चहाच्या टपरीवर आणि स्कूटरी लावलेल्या जागेत सुरू व्हायची. "माझं एल-आयवर अडकतंय हो." "डिस्क केवढी आहे? विंडोज आधी टाकलं होतंस की नंतर?"

काही जण मशीनच घेऊन येत. चेतकच्या फूटबोर्डवर दोन पायांच्या मध्ये सीपीयू ठेवायचा, खड्ड्यात हळू घ्यायची, आणि कर्वेनगर नाहीतर बिबवेवाडीहून मॉडेल कॉलनी गाठायची. इन्स्टॉल-फेस्ट असला की टेबलांवर उघडे सीपीयू मांडलेले, एकाच मॉनिटरची केबल या मशीनमधून त्या मशीनला. तिथली एक पद्धत मला आजही फार मोलाची वाटते. जाणता माणूस की-बोर्ड आपल्याकडे ओढून घेत नसे. तो मागे उभा राहायचा आणि विचारायचा, "शेवटचं चाललं होतं ते कधी? त्यानंतर तू काय काय केलंस? क्रमाने सांग." मुलगा अडखळत सांगायचा. सांगता सांगता त्याचं त्यालाच सापडायचं. नाही सापडलं तर काका म्हणायचे, "बरं, आता फ्लॉपीवरून बूट कर. आज्ञा मी सांगतो, टाइप तू कर. आणि एंटर दाबायच्या आधी मला सांग, ही आज्ञा काय करणार आहे?"

यंत्र दुरुस्त करण्याचं याहून चांगलं शिक्षण मी नंतर कुठल्याही वर्गात पाहिलेलं नाही.

सिंबायोसिसच्या याच संस्थेत २००३पासून फेब्रुवारीत 'ग्नूनिफाय' भरायला लागलं. प्लग आणि विद्यार्थी मिळून करत. व्याख्यानं, कार्यशाळा, मुंबई-बेंगळुरूहून आलेली मंडळी. तिथून बाहेर पडताना पुष्कळांच्या हातात एखादी सीडी असे. सीडी हीसुद्धा तेव्हाची मोठी गोष्ट. डायलअपवर अख्खी सीडी उतरवणं कुणाच्या खिशाला आणि फोनला परवडणार? म्हणून 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येई, त्या अंकाची लोक वाट पाहत. पुढे 'लिनक्स फॉर यू' आलं. मित्राकडची सीडी रायटरवर कॉपी करायची, वर मार्करने नाव लिहायचं, आणि तीवर एक ओरखडा असला की इन्स्टॉल नेमकं ८० टक्क्यांवर मान टाकायचं. मशीन बूट न होण्याचं ते एक अगदी साधं कारण, पण आधी संशय लोडरवर जायचा.

उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीने २००५पासून फुकट सीडी पोस्टाने पाठवायला सुरुवात केली, ती योजना २०११पर्यंत चालली. पत्ता भरायचा आणि विसरून जायचं. काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी शिक्क्याचं पाकीट दारात द्यायचा. सदाशिव पेठेतल्या वाड्यात, जिथे पत्र यायचं ते बँकेचं नाहीतर लग्नाचं, तिथे हे पाकीट आलं की शेजारीसुद्धा विचारत, "काय आलंय रे?" ती सीडी नुसती टाकून मशीन चालू करता येई, डिस्कला हात न लावता. त्याआधी नॉपिक्स नावाच्या लिनक्सने ही युक्ती लोकप्रिय केलेलीच होती. लाइव्ह सीडीने बंद मशीनची भीती निम्म्यावर आणली असं मी म्हणेन. डिस्कवरचं काहीही बिघडलं तरी सीडीवरून आत शिरता यायचं, फाइली वाचवता यायच्या, डिस्कवरच्या लिनक्समध्ये 'सीएच-रूट' करून लोडर पुन्हा बसवता यायचा.

वीज हा वेगळाच विषय. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार हे पुणेकरांच्या अंगवळणी पडलेलं होतं, पण २००५-०६च्या भारनियमनात ती कधीही जाई. चालू मशीन खटकन बंद. जुन्या 'एक्स्ट-टू' फाइल सिस्टीमला हे सोसत नसे. परत चालू केलं की सगळी डिस्क तपासायला घ्यायचं, अंकांचे स्तंभच्या स्तंभ सरकत राहायचे, आणि मधेच 'तुम्हीच हाताने तपासा' म्हणून थांबायचं. २००१च्या शेवटी रेड हॅट ७.२बरोबर 'एक्स्ट-थ्री' आली. ती बदलांची आधी नोंद ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी काही सेकंदांत सावरते. बॅटरीच्या लॅपटॉपवर वाढलेल्या पिढीला या सुधारणेची किंमत कळणं अवघड आहे. आम्ही तेव्हा ती अक्षरशः साजरी केली होती.

लिलोच्या जागी ग्रब आला, तसे एररला क्रमांक आले. पंधरा म्हणजे फाइल सापडत नाही. सतरा म्हणजे पार्टिशन दिसतंय, पण त्यावरची फाइल सिस्टीम ओळखू येत नाही. बावीस म्हणजे ते पार्टिशनच नाही. सर्वांत जास्त वेळा मात्र बिघाड लिनक्सचा नसेच. घरातलं विंडोज व्हायरसने भरायचं, हार्डवेअरवाला यायचा, म्हणायचा "फॉरमॅट मारावा लागेल," आणि विंडोज परत टाकताना डिस्कच्या त्या पहिल्या सेक्टरवर स्वतःचा लोडर लिहून मोकळा व्हायचा. लिनक्स डिस्कवर शाबूत, पण आत जायचं दार गायब. मुलगा कॉलेजातून येईपर्यंत हे झालेलं असायचं. मग लाइव्ह सीडी, दोन-तीन आज्ञा, दार परत जागेवर. पुण्यातल्या किती घरांत हे नाट्य घडलं असेल!

याच शहरात दरम्यान आणखी एक काम चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आमच्या त्या पहिल्या लिनक्सवर मराठी दिसत नव्हती. अक्षरांच्या जागी चौकोन, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर, 'र्‍या'ची तर पार मोडतोड. रेड हॅटचं मोठं केंद्र पुण्यात आलं आणि भारतीय भाषांचं पुष्कळ काम इथूनच होऊ लागलं. रेड हॅटने २००४मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट घडवले होते ते पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने, श्रीलिपीवाल्यांनी. ग्नोम आणि केडीईच्या हजारो ओळी लोकांनी रात्री जागून मराठीत आणल्या. नोव्हेंबर २०११मध्ये शिवाजीनगरच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजात फेडोरा या लिनक्सची 'फडकॉन' परिषद झाली, तेव्हा जगभरातून आलेल्या मंडळींना भेटायला आमच्यातले कितीतरी जण गेले. जिथे आपण सीडीची वाट पाहत होतो, त्याच शहरातली माणसं आता त्या सीडीत काय असावं हे ठरवत होती. आज उबुंटू टाकताना पहिल्याच पडद्यावर 'मराठी' निवडता येतं आणि र्‍या नीट उमटतो. या एका गोष्टीसाठी मी 'आता'ला 'तेव्हा'पेक्षा निःसंशय वरचं स्थान देतो.

आता आजची गोष्ट. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांसाठी ६४-बिट ओपन सोर्स लिनक्सची शिफारस असते. त्यामुळे दरवर्षी कोथरूड, कात्रज, आकुर्डीच्या होस्टेलांत आणि पीजींत शेकडो मुलंमुली नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकतात. माझी भाचीही त्यांतलीच. एका रात्री तिचा फोन आला. "मामा, लॅपटॉप गेला. निळा स्क्रीन आलाय आणि ४८ आकडे मागतोय."

तो बिटलॉकरचा पडदा होता. हल्ली कितीतरी लॅपटॉपवर विंडोजची डिस्क कुलूपबंद होऊनच येते. किल्ली मशीनमधल्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते, आणि मशीनची बूट व्यवस्था ओळखीची दिसली तरच ती चिप किल्ली देते. भाचीने एका व्हिडिओत पाहून 'सिक्युअर बूट' बंद केलं होतं. चिपला बदल दिसला, तिने किल्ली द्यायला नकार दिला. मी म्हटलं, "घाबरू नकोस. तू काय बदललंस तेवढं परत पहिल्यासारखं कर." तिने सेटिंग परत चालू केलं आणि विंडोज मुकाट्याने उघडलं. पण लिनक्स कुठेच दिसेना. ते डिस्कवर होतं, फक्त बायॉसच्या यादीत विंडोजचा बूट मॅनेजर पहिला होता. यादीत उबुंटू वर घेतलं, ग्रब आला, त्यातून लिनक्स निवडलं, आणि पडदा काळा. एल नाही, आय नाही, काहीच नाही.

हा फरक मला त्या रात्री फार जाणवला. जुनं मशीन अडलं तरी बोलायचं, तुटक का होईना. नवं मशीन सुंदर बोधचिन्ह दाखवतं आणि मागे काय चाललंय ते झाकून ठेवतं. मी तिला सांगितलं, ग्रबच्या यादीत 'ई' दाब, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीत 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' ही दोन पदं आहेत ती पूस, त्या जागी 'नोमोडसेट' लिही आणि एफ-१० दाब. ओळी धावायला लागल्या. ती म्हणाली, "अरे, हे सगळं आतमध्ये रोज चालतं?" चालतं गं. रोज चालतं. लिनक्स उघडलं. मूळ दुखणं ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं निघालं. सिक्युअर बूट चालू असताना बाहेरच्या ड्रायव्हरची सही मशीनकडे नोंदवावी लागते. इन्स्टॉलनंतर पहिल्यांदा मशीन सुरू होताना त्यासाठी एक निळा पडदा येतो, 'एनरोल एमओके' निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो आणि तिने तो न कळून जाऊ दिला होता. त्यात तिचा काय दोष? त्या पडद्यावर इंग्रजीत जे लिहिलेलं असतं, ते वाचून शहाण्या माणसालाही बोध होणार नाही.

सिक्युअर बूट आलं ते २०१२च्या ऑक्टोबरमध्ये, विंडोज ८बरोबर. मशीन सुरू होताना कुणी चोरटा प्रोग्राम घुसू नये हा हेतू रास्त आहे. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये विश्वासाची सही मायक्रोसॉफ्टची असते, म्हणून लिनक्सलाही 'शिम' नावाचा छोटा प्रोग्राम त्यांच्याकडून सही करून घ्यावा लागतो. १३ ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने जुन्या शिमवरचा विश्वास काढून घेतला. तो बदल विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनना लागू होणार नाही असं कंपनीने सांगितलं होतं, तरी जगभरच्या असंख्य लॅपटॉपवर लिनक्स उघडेना. पडद्यावर 'काहीतरी गंभीर बिघडलंय' अशा अर्थाची एक ओळ यायची आणि मशीन बंद व्हायचं. तोडगा होता: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद, लिनक्समध्ये जाऊन 'एमओके-युटिल' या आज्ञेने अपडेटने बसवलेलं ते नवं धोरण पुसणं, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू. पण ज्याने मशीनला हातच लावला नव्हता, नुसतं विंडोज अपडेट होऊ दिलं होतं, त्याला हे कळणार कसं? तेव्हा मशीन आमच्याच करणीने बंद पडायचं. आता ते दूरच्या कुणाच्या निर्णयानेही बंद पडतं. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या वस्तूच्या दाराची किल्ली दुसऱ्याकडे असावी, हे मला मान्य नाही. सुरक्षिततेचं कारण मी समजू शकतो. मालकाला आपली सही नोंदवण्याचा हक्क सोप्या, स्पष्ट शब्दांत आणि त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे, एवढं माझं मागणं आहे.

तरीही सोयी वाढल्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुन्या बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआयमुळे दोन सिस्टीम एकमेकींचा लोडर पुसत नाहीत, प्रत्येकीचा आपापला कप्पा असतो. पेनड्राइव्हवरून दहा मिनिटांत लाइव्ह लिनक्स चालतं. पडद्याचा फोटो चॅटजीपीटीला दाखवला की तो आज्ञाही लिहून देतो. माझ्या भाचीने मला फोन करण्याआधी तेच केलं होतं. त्याने दिलेल्या आज्ञांत एक डिस्कचं पार्टिशन नव्याने बनवणारी होती. ती एंटर दाबायच्या आधी थांबली, कारण तिला त्या आज्ञेचा अर्थ विचारायचा होता. त्या थांबण्याला मी मोल देतो. तिच्या होस्टेलमधल्या बाकी मुलींनी तीच अडचण एकेकटीने, आपापल्या फोनशी बोलून सोडवली होती. एकाच मजल्यावर, एकाच आठवड्यात, एकाच बिघाडावर सहा-सात जणी झगडल्या आणि एकमेकींना विचारलं नाही. आमच्या वेळी हे शक्यच नव्हतं. आमच्याकडे विचारण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि त्या नाइलाजातून ओळखी झाल्या, नोकऱ्या मिळाल्या, काहींच्या तर जन्माच्या मैत्र्या जमल्या.

सीओईपीत 'कोफसग' हा मुलांचा गट उभा राहिला, तो याच परंपरेतला. अशा गटांची गरज आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. टीपीएम २.० नसलेले, एरवी ठणठणीत लॅपटॉप विंडोज ११ला चालत नाहीत. अशा मशीनवर लिनक्स उत्तम चालतं आणि ते भंगारात जाण्यापासून वाचतं. पुण्यात घरोघरी असे लॅपटॉप कपाटात पडून आहेत. ते उघडायला बसणाऱ्यांना काळा पडदा दिसणारच आहे.

त्यांना माझं सांगणं असं. पेनड्राइव्ह लावण्याआधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली शोधा आणि कागदावर लिहून ठेवा, कारण मशीन अडल्यावर मशीनमधली नोंद उपयोगाची नसते. फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. बायॉसमधलं एकेक सेटिंगच बदला आणि प्रत्येक बदल वहीत टिपा. लाइव्ह पेनड्राइव्ह काम झाल्यावर पुसू नका.

आणि ज्यांनी कधीकाळी एल-आयशी झुंज दिली, त्या माझ्या पिढीच्या मंडळींना विनंती: तुमच्या सोसायटीत, नात्यात, जवळच्या कॉलेजात आज कुणाचा तरी लॅपटॉप अडलेला आहे. महिन्यातला एक शनिवार त्यांच्यासाठी काढा. शेजारी बसा, प्रश्न विचारा, आणि की-बोर्ड त्यांच्याच हातात राहू द्या.